भिंतीवरची सही

आमच्या गावाचे नाव कन्नड. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते सांगितले की तो हमखास विचारतो, "मग तुम्हाला कानडी येत असेल?" मी म्हणतो, "नाही हो, आम्हाला फक्त बँकेची भाषा येते." गृहकर्जाच्या तपासणीला साहेबांबरोबर आसपासच्या खेड्यांतली इतकी घरे मी पाहिली आहेत, की त्यांच्यावर टीका करण्याचा अधिकार मला बी.कॉम.च्या पदवीपेक्षा जास्त कष्टाने मिळाला आहे.

पुस्तकाला मुखपृष्ठ, तसा घराला दर्शनी भाग. मधोमध गणपती, दोन्ही अंगांना मोर, खाली कमळ आणि ठसठशीत अक्षरांत 'आई-वडिलांची पुण्याई'. या पुण्याईचा व्याजदर नि हप्ता मला तोंडपाठ असतो. पण 'बँकेची कृपा' लिहिलेले एकही घर अद्याप पाहण्यात नाही. असो. माझी तक्रार त्याबद्दल नाही, मोराबद्दल आहे.

हल्लीचा मोर साच्यातून निघतो. चार गावे फिरा, तोच मोर, तशीच वळलेली मान. जुना मोर गवंडी ओल्या गिलाव्यात थापीच्या टोकाने नि खिळ्याने कोरायचा. तो कधीकधी कोंबड्यासारखा दिसे, हे कबूल. पण तो त्याच घरचा कोंबडा असे! गिलावा वाळायच्या आत हात चालवावा लागे. खाडाखोडीला सवड नाही. आमच्या लेजरलासुद्धा इतकी कडक शिस्त नाही.

गोव्यात नि तळकोकणात या कामाला 'कावी' म्हणतात. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव घातलेल्या तांबड्या चुन्याचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. वेली, फुले, देव, सगळे नुसत्या खरवडण्यातून. ही कला खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यापर्यंत पोचली आहे; म्हणजे कानडी मुलुखात आहे आणि कन्नडात नाही! स्पेनमधल्या सेगोव्हिया शहरातली घरेही अशीच कोरलेली आहेत.

आपल्याकडे गिलाव्याला मान नाही, हे खरे दुखणे. संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहून लोक नाक मुरडतात. "संगमरवर घुमटाला नि खाली कमरेएवढा, बाकी नुसता गिलावा!" १६६० च्या सुमारास तो बांधून झाला, खर्च ६,६८,२०३ रुपये सात आणे, असे सांगतात. सात आण्यांपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या त्या अनामिक कारकुनाला माझा मुजरा. पण त्या 'नुसत्या' गिलाव्यातली वेलबुट्टी जवळ जाऊन पाहा. संगमरवर पैशाने येतो. गिलाव्यात फूल उमटायला माणसाचा हात लागतो.

आता मुख्य मुद्दा. घरावर मालकाचे नाव असते, मातोश्रींचे असते, साल असते. गवंड्याचे नाव नसते. आमच्याकडे सही नसेल तर दहा रुपयांचा चेकसुद्धा परत जातो. इथे अख्खे घर बिनसहीचे पास! आपली परंपराच तशी, असे कुणी म्हणेल, तर त्याने आमच्या तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी पाहावीत. तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर कोरलेले आहे, की हे काम कन्हदास नावाच्या सोनाराने केले. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट! दान देणाऱ्यांची नावे लेण्यांत पुष्कळ सापडतात. करणाऱ्याचे नाव असे क्वचितच.

तेव्हा घर बांधणाऱ्यांनो, पुण्याई आई-वडिलांची राहू द्या, हप्ते आमचे राहू द्या. मोर मात्र गवंड्याला हाताने काढू द्या, आणि त्याच्या पायाशी चार बोटे जागा त्याच्या नावासाठी सोडा. त्याला व्याज लागत नाही.