नाताळच्या जेवणाच्या युक्त्या

डिसेंबर उजाडला कीं मराठी नियतकालिकांतून व वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नाताळच्या जेवणाच्या 'युक्त्या' प्रसिद्ध होऊं लागतात. असल्या लेखनाकडे टीकाकारानें पाहूं नये असा एक संकेत आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. कविता फसली तर वाचक पान उलटतो. युक्ति फसली तर सणाच्या दिवशीं भरल्या घरांत गृहिणीला मान खालीं घालावी लागते. तेव्हां ह्या लेखनाची परीक्षा अधिक कडकपणें होणें न्याय्य आहे.

युक्ति म्हणजे कारण ठाऊक असलेली कृति. कारण वगळून भाषांतर केलें तर शब्द तेवढे मराठींत येतात, युक्ति मागेंच राहते. टर्कीचें उदाहरण घ्या. विलायती पुस्तकांत ह्या पक्ष्याविषयीं जी एवढी काळजी वाहिलेली दिसते, तिचें मूळ एका अडचणींत आहे: मांडीचें मांस शिजेपर्यंत छातीचें मांस कोरडें पडतें. कातडीखालीं लोणी भरणें, छाती झांकणें, आदल्या दिवशीं मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवणें, हे सारे उपाय मुख्यतः त्या एका अडचणीवरचे. आमचे लेखक हे उपाय जसेच्या तसे उतरवितात व शेवटीं "टर्की न मिळाल्यास कोंबडी घ्यावी" अशी पुस्ती जोडून मोकळे होतात.

परंतु हिंगोलीच्या बाजारांतून आणलेल्या गावरान कोंबडीची अडचण नेमकी उलट असते. ती हिंडून-फिरून वाढलेली, चरबीनें कमी आणि अंगानें चिवट. तिला ओलावा हवा, मंद आंच हवी आणि वेळ हवा. कोरड्या भट्टींत घातल्यास वरून कितीही लोणी चोळलें तरी ती चामड्यासारखीच निघणार. तीच हळद-मीठ लावून, भांड्यावर पाण्याचें झांकण ठेवून दोन तास मंद आंचेवर शिजविली, म्हणजे तिच्यांतील चिवटपणा विरघळून रश्श्यांत उतरतो व रस्सा आपोआप दाट होतो. हळदीवरून आठवलें. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें वसमत ह्याच जिल्ह्यांत आहे. आणि येथील वाचकाला हे लेख रोझमेरीच्या काड्या शोधावयास लावतात!

केकच्या बाबतींत तर चूक नुसती हास्यास्पद राहत नाहीं, घातक होते. मनुका व बेदाणे महिनाभर रममध्यें भिजवावे, असें सांगून लगेच लिहितात कीं, मद्य न चालणाऱ्यांनीं संत्र्याचा रस घ्यावा. मिशनच्या वळणाच्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत मद्य वर्ज्य असतें, तेव्हां ही सूचना बरेच जण पाळणार. पण मद्यार्क फळ टिकवितो, रस टिकवीत नाहीं. रसांत महिनाभर ठेवलेले बेदाणे आंबून बुरशी धरतील. रसांत एक रात्र, तीही थंड जागीं, एवढेंच खरें. नागपुरी संत्रीं ह्याच दिवसांत बाजारांत असतात, ही त्यांतल्या त्यांत सोय.

भाषेचीही तीच गत. भाजलेलें मांस आंचेवरून उतरल्यावर लगेच कापूं नये, ही सूचना उत्तम. तें थोडा वेळ तसेंच ठेवलें म्हणजे कापतांना रस वाहून जात नाहीं. पण ती "मांसाला विश्रांति द्यावी" अशा शब्दांत वाचली म्हणजे मांस दमून आलें होतें कीं काय, असा प्रश्न पडतो. 'मुरणें' हें क्रियापद ज्या भाषेंत घरोघर वापरांत आहे, तिच्या लेखकांना "रस मुरूं द्यावा" असें लिहितां येऊं नये, हें नवल होय.

ह्या मुरण्याचाच विचार युक्तिलेखांत सर्वांत कमी आढळतो. 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें, लक्ष्मीबाई धुरंधरांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० सालीं. वाटी-चमच्याचें प्रमाण नवशिक्या मुलींच्या हातीं देऊन 'रुचिरे'नें केलेलें उपकार मोठे आहेत. तथापि पाकक्रियेची रचनाच अशी कीं, ती प्रत्येक पदार्थ सुटा सांगते. आणि सण तर दहा पदार्थांचा एकदम येतो. कोणता पदार्थ आधीं करून ठेवल्यानें सुधारतो व कोणता बिघडतो, हें वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती गृहिणींना पुस्तकावांचून ठाऊक आहे. सोरपोतेल त्या दोन-तीन दिवस आधीं करतात, कारण सिरक्यानें तें टिकतें व रोज गरम केल्यानें त्याची चव चढते. दोदोलही आधींच होतो. फुगे मात्र, मैदा, अंडें व नारळाचें दूध घालून फुगविलेल्या पिठाचे, त्याच दिवशीं तळावयाचे. गार झाले कीं त्यांची मजा गेली.

मराठवाड्यालाही हें शहाणपण परकें नाहीं. नारायण शेषाद्रि ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. म्हणजे ह्या मुलखांत मराठी माणसाचा नाताळ कांहीं कालचा नव्हे. करंज्या, चकल्या, शंकरपाळे हा त्याचा फराळ. पाण्याचा अंश कमी, म्हणून तो आठवडाभर आधीं डब्यांत भरतां येतो. केक तीन-चार दिवस आधीं. कोंबडीचा रस्सा आदल्या संध्याकाळीं शिजवून, निववून थंड जागीं ठेवावा व सकाळीं चांगली उकळी आणावी. मग देवळांतील उपासना आटोपून दुपारीं घरीं परतलेल्या बाईला भात टाकणें व पुऱ्या तळणें एवढेंच उरतें, आणि पहिल्या पंगतीस तिचेंही पान मांडतां येतें. असें दिवसवार टांचण आमच्या पाहण्यांतील एकाही युक्तिलेखांत नाहीं. रोझमेरी मात्र बहुतेकांत आहे.