नुनोबाचा उतार

स्कीच्या मैदानाची पारख बहुतेक जण वरच्या टोकापासून करतात. शिखर किती उंच, उतार किती खडा, सलग किती लांब घसरत जाता येतं. जपानमधल्या एचिगो-युझावा गावातलं नुनोबा हे लहानसं कौटुंबिक मैदान मात्र खालून वर पाहावं लागतं. उतार जिथे संपतो त्या सपाटीपासून. नवशिक्याच्या पोटात गोळा येतो तो एकाच विचारानं, की सुटलो तर थांबणार कसं? इथे त्याचं उत्तर जमिनीनंच देऊन ठेवलं आहे. ढाळ शेवटाकडे मंदावत जातो, सपाटीला मिळतो आणि स्कीवर कसंबसं उभं राहिलेलं पोर काही न करता आपसूक थांबतं. ते आधी पायांकडे पाहतं, मग मागे वळून आपण कुठून आलो ते पाहतं आणि मग आईला हाक मारतं. हा क्रम मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिला आहे आणि दर वेळी तितकाच आनंदलो आहे.

दुसरा गुण नजरेचा. मैदान इतकं आटोपशीर, की पायथ्याशी उभं राहिलं तर जवळजवळ सगळा उतार डोळ्यांसमोर असतो. वरून कुणी कसंही आलं, वाकडंतिकडं, घसरत, लोळत, तरी शेवटी ते खाली आपल्यापाशीच पोचतं. शिगा कोगेनसारख्या मोठ्या ठिकाणी एक उतार दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडलेला असतो; तिथे कुटुंबाची फाटाफूट होते आणि अर्धा दिवस एकमेकांना शोधण्यात जातो. तिथला थरार मी नाकारत नाही. पण आजी खाली चहा पीत बसली आहे आणि तिच्या नजरेखाली नातवंडं आपापल्या वेगानं धडपडताहेत, हे चित्र जमायला मैदान लहानच असावं लागतं. नुनोबाचा लहानपणा हीच त्याची मोठी कमाई आहे, असं माझं ठाम मत आहे.

इथवर येण्याची वाटही या अनुभवातच धरायला हवी. टोकियोत हिवाळा कोरडा असतो, आकाश निळंभोर. शिंकान्सेन या वेगवान गाडीनं निघालं की सव्वा-दीड तासात आपण युझावात असतो. वाटेत २२ किलोमीटर लांबीचा दाइ-शिमिझु बोगदा लागतो. अलीकडे उघडी, तपकिरी शेतं. पलीकडे घरांची छपरं बर्फाखाली गेलेली. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटर उंचीवर, अक्षांश साधारण ३७. एवढ्या भांडवलावर एका हिवाळ्यात पडलेल्या बर्फाची बेरीज इथे अनेकदा १० मीटरच्या पुढे जाते. सैबेरियाकडून येणारा थंड, कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून वाहताना तिथल्या उबदार प्रवाहाची वाफ पिऊन घेतो, समोर डोंगराची भिंत आली की वर चढतो आणि सगळा भार अलीकडेच टाकून देतो. डोंगरापलीकडच्या टोकियोला उरतो तो निथळलेला वारा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मुसळधार आणि पलीकडे माणदेशात कोरडं, हा हिशेब माहीत असलेल्याला युझावाचा बर्फ वेगळा समजावून सांगायला नको.

स्टेशनातून मैदानापर्यंत पायी जाता येतं आणि जाताना रस्त्याकडे जरूर पाहावं. मधोमध बसवलेल्या बारीक नळ्यांतून भूगर्भातलं पाणी उडत असतं. जमिनीखालचं पाणी बर्फापेक्षा किती तरी उबदार, त्यानं रस्त्यावरचा बर्फ वितळत राहतो. ही युक्ती याच नीइगाता प्रांतातल्या नागाओका शहरात १९६१च्या सुमारास पहिल्यांदा रस्त्यावर आली. त्या पाण्यातल्या लोहामुळे इथले रस्ते तांबूस झालेले आहेत. दोन्हीकडे कमरेएवढे पांढरे ढीग आणि मधून गंजाच्या रंगाचा ओला रस्ता. प्रवासाच्या जाहिरातीत हा रंग सहसा दिसत नाही, पण बर्फाच्या गावाचा खरा रंग हाच.

आता बर्फाच्या पोताबद्दल. जाणकार स्कीवाले होक्काइदोच्या कोरड्या, भुकटीसारख्या बर्फावर जीव टाकतात. युझावाचा बर्फ उंची कमी असल्यामुळे ओलसर आणि जड. दुपारनंतर तो पायाला ओढतो, मांड्या भरून येतात. पट्टीचे लोक याला नावं ठेवतात. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर मला हा बर्फ अधिक गुणाचा वाटतो. तो वेग थोडा खातो, पडलेल्याला सांभाळून घेतो आणि मुठीत दाबला की त्याचा गोळा होतो. भुकटीचा गोळा होत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी बर्फाची परीक्षा तिथेच संपते. अशा मैदानांवर स्कीइतकीच गर्दी घसरगाडीच्या कोपऱ्यात असते, तीही त्याचमुळे.

शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा आकार करायला सांगतात. जपानी मुलं त्याला कताकाना लिपीतलं ‘हा’ अक्षर म्हणूनच ओळखतात. हा आकार जितका रुंद तितका वेग कमी. बाप किंवा शिक्षिका मुलाच्या पुढे तोंड करून, स्वतः उलटं घसरत खाली येत असते. मुलाला उताराऐवजी ओळखीचा चेहरा दिसत राहतो. काठ्या पहिल्या दिवशी देतच नाहीत, हात गुडघ्यांवर. मुलं पडतात ती बाजूला, कुल्ल्यावर, आणि आधी उठायला शिकतात, मग वळायला. आपल्याकडे पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून विहिरीत सोडतात, त्याच समजुतीचं हे शिकवणं आहे.

आणि लिफ्टपाशी उभा असलेला माणूस. त्याच्यासाठी मी दहा-पंधरा मिनिटं नुसता उभा राहून पाहतो. हातात झाडू. खुर्ची फिरून आली की बसायच्या फळीवरचा बर्फ एका फटक्यात झाडतो, दुसऱ्या हातानं खुर्चीचा वेग आवरतो, मान लववतो, दोन शब्द बोलतो. तोवर पुढची खुर्ची आलेली असते. लहान मूल असेल तर लिफ्ट मंद करायची खूण करतो, मुलाला काखेत धरून उचलतो आणि बसवतो. यातली एकही हालचाल जास्तीची नसते. हे काम करणाऱ्यांत हिवाळ्यापुरते येणारे शेतकरी पूर्वापार आहेत. उन्हाळ्यात भात लावणारा हात हिवाळ्यात खुर्ची झाडतो, हे कळलं की त्या झाडूच्या फटक्यातली सराईत लय अधिक नीट ऐकू येते.

मागे वळून पाहिलं तर जपानला स्की शिकवली ती एका ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानं. थिओडोर फोन लेर्ख यानं १२ जानेवारी १९११ रोजी याच प्रांतातल्या ताकादा इथे जपानी अधिकाऱ्यांना पहिले धडे दिले, तेही एकाच लांब काठीनं. १९३१मध्ये जुना शिमिझु बोगदा उघडला आणि टोकियोची माणसं युझावात उतरू लागली. १९३४मध्ये कावाबाता यासुनारी इथे आले, ताकाहान या सरायीत राहिले आणि त्यातून ‘हिमभूमी’ अर्थात ‘युकिगुनी’ ही कादंबरी घडली. १९८२मध्ये शिंकान्सेन आली; १९८७च्या ‘वाताशी ओ स्की नी त्सुरेतेत्ते’ या चित्रपटानं तरुणांना स्कीचं वेड लावलं; पाठोपाठ जपानात आलेल्या पैशाच्या भरतीत युझावात सुट्टीच्या घरांचे उंच मनोरे उभे राहिले. भरती ओसरल्यावर त्या घरांच्या किमती कोसळल्या. मैदानावरून खाली पाहिलं की ते मनोरे आजही दिसतात. सुखाचा हिशेब दोन तऱ्हांनी मांडलेला असा समोरासमोर पाहायला मिळतो: तिकडे माळ्यांवर माळे, इकडे बेताचा एक उतार.

त्याही आधीचा बर्फाचा एक वापर इथल्या मातीत आहे आणि तो मला फार प्रिय आहे. शेजारच्या शिओझावाचे सुझुकी बोकुशी हे कापडाचे व्यापारी. त्यांचं ‘होकुएत्सु सेप्पु’ हे बर्फाच्या मुलखाचं वर्णन १८३७पासून छापलं जाऊ लागलं. त्यात इथल्या तलम ‘चिजिमी’ कापडाची हकिकत आहे: हिवाळाभर विणायचं आणि हिवाळा सरताना, ऊन पडलं की बर्फावर पसरून उजळवायचं. त्या भागात हे आजही होतं. ओजिया-चिजिमी आणि एचिगो-जोफु या कापडांचा २००९मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. बर्फ म्हणजे नुसतं संकट असं मानणाऱ्या मुलखानं त्याला कामाला लावलं, मग खेळाला.

दुपारी उपाहारगृहात जावं. दारातल्या यंत्रातून कुपन काढायचं, खिडकीवर द्यायचं. बाहेर बुटांची रांग, आत ओल्या हातमोज्यांचा वास. बहुतेक मुलांच्या ताटात करी-राइस. ही करी इंग्रजांच्या मार्फत जपानात पोचलेली; आपल्या जिभेला ती गोडसर आणि घट्ट लागते. भात मात्र लक्ष देऊन खावा. उओनुमाच्या खोऱ्यातला कोशिहिकारी हा जपानात सर्वांत नावाजलेला तांदूळ, आणि ज्या खाचरांत तो पिकतो त्यांना पाणी मिळतं ते याच डोंगरांवरचा बर्फ वितळून. सकाळी ज्यावर लोळलो तोच उन्हाळ्यात उओनो नदीच्या खोऱ्यात उतरणार, हे त्या घासाबरोबर कळतं.

टोकियोत, निशी-कासाईच्या बाजूला, आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात. हिवाळ्यात मुलांना बर्फ दाखवायचा म्हणून त्यांच्यातले काही जण युझावाकडे येतात आणि थेट मोठ्या नावाच्या मैदानाकडे वळतात. त्यांना माझं सांगणं असं, की पहिला दिवस नुनोबाला द्यावा. दिवसभराचं तिकीट लगेच घेऊ नये, आधी थोड्या फेऱ्यांचंच घ्यावं. दोन-तीन फेऱ्यांत मुलाचे पाय थकले तर घसरगाडी आहे, गोळे आहेत, करी आहे. न थकले, तर पोरगं स्वतःच तिकिटाच्या खिडकीकडे ओढत नेतं.