भिंत पाडली की घर होतं का? कोनची गोष्ट

माझी पीएचडी इमारतींमधल्या हवेवर आणि ओलाव्यावर आहे. त्यामुळे "रिकाम्या इमारती पडून आहेत, तिथे गरजूंना घरं द्या" असं कुणी म्हटलं की मला पनवेलजवळचं कोन आठवतं.

२००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. हिशोब साधा होता. बिल्डरला ४ एफएसआय मिळणार. त्यातल्या १ मध्ये १६० चौरस फुटांची घरं बांधून एमएमआरडीएला फुकट द्यायची, उरलेल्या ३ मध्ये बाजारभावाने विकायची घरं. म्हणजे एकाच जमिनीवर कमी आणि जास्त उत्पन्नाची कुटुंबं. कल्पना चांगलीच होती. पण घरं भाड्याने देणं म्हणजे भाडेकरू, दुरुस्ती, वसुली हे सगळं रोज सांभाळणं. बांधकाम झालं, ही व्यवस्था उभीच राहिली नाही.

मग वापर बदलला. दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचं घर, किंमत ६ लाख, आणि २ डिसेंबर २०१६ ला म्हाडाने गिरणी कामगारांसाठी सुमारे २,४०० घरांची सोडत काढली. १९८२ च्या संपाने ज्यांचं आयुष्य विस्कटलं, ती ही माणसं. तरी ताबा मिळायला अनेकांना सहा वर्षांहून जास्त लागली. मधे २०२० मध्ये याच इमारती कोविडच्या विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, नंतर दुरुस्ती करावी लागली.

आता यातलं विज्ञान बघू. बंद इमारत 'जशीच्या तशी' राहत नाही. भिंतीलगतची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पनवेलच्या पावसाळ्यात, खिडक्या बंद असताना, त्याला फार दिवस लागत नाहीत. घरात माणसं राहतात तेव्हा खिडक्या उघडतात, गळणारा नळ त्याच आठवड्यात कळतो. रिकाम्या घरात तो पुढच्या पाहणीपर्यंत गळत राहतो.

माझा आक्षेप रूपांतरावर नाही. आक्षेप हिशोबावर आहे. आपण एफएसआय, चौरस फूट आणि सोडतीचे आकडे मोजतो; इमारत किती पावसाळे बंद राहणार आणि त्या काळात तिची देखभाल कोणाच्या पैशाने होणार, हे मोजत नाही. ज्यांना घर लागलंय त्यांच्यातले बरेच सत्तरीच्या आसपास आहेत. उशिराचा प्रत्येक पावसाळा भिंतीइतकाच त्यांच्याही खात्यात जमा होतो.

तेव्हा पुढच्या वेळी अशी योजना जाहीर झाली, तर घरं किती हे विचाराच, पण ताब्याची तारीख आधी विचारा.