पाढे, कॅल्क्युलेटर आणि आपली अकरावीतली मुले

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक छोटासा तंटा झाला. मुलगी अकरावीत आणि एस.ए.टी. तोंडावर आलेली. गणिताच्या सरावाची जाडजूड पुस्तके मीच आणली होती आणि दर शनिवारी सकाळी घड्याळ लावून तिला एक सराव परीक्षा द्यायला बसवत होतो. चौथा शनिवार उलटला तरी गुण जागचे हलेनात. मी म्हणालो, "अजून गणितं सोडवायला हवीत." ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्या चुका तू एकदा तरी वाचल्यास का?"

वाचल्या नव्हत्या, फक्त मोजल्या होत्या. ज्याचा अर्धा दिवस दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जातो, त्याने घरातल्या चुकांची नुसती बेरीज करावी, ही गोष्ट मला लागली. त्या चुका वाचताना जे विचार मनात आले, ते आपल्या पुरवणीच्या वाचकांपुढे मांडतो आहे. घरोघरी हाच प्रकार चालू असतो, असे ओळखीच्यांशी बोलताना जाणवते.

आधी परीक्षेचे आजचे रूप पाहू, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात जुनी परीक्षा बसली आहे. एस.ए.टी. पहिल्यांदा १९२६ साली झाली. गणितात कॅल्क्युलेटरला परवानगी मिळाली ती १९९४ साली. २०१६ च्या नव्या आराखड्यात गणिताचे दोन भाग केले गेले. त्यातला २५ मिनिटांचा, २० प्रश्नांचा भाग कॅल्क्युलेटरविना सोडवायचा असे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापण्याची पद्धतही त्याच वर्षी गेली. पुढे परीक्षा संगणकावर आली, परदेशांत २०२३ मध्ये आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून. आता गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात. बावीस-बावीस प्रश्नांचे दोन भाग, आणि पहिल्या भागात मूल कसे उतरले यावरून दुसरा भाग सोपा मिळणार की अवघड, हे ठरते. कॅल्क्युलेटर संपूर्ण वेळ पडद्यावरच हजर असतो, तोही आलेख काढणारा. भूमितीच्या सूत्रांचा तक्ताही मागताक्षणी उघडतो.

म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी ९५ सेकंद, हाताशी यंत्र आणि समोर सूत्रे. अशा परीक्षेसाठी अंकगणिताचा सराव कशाला करायचा?

यावर आपल्या समाजात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष माझ्या वडिलांचा. ते साताऱ्याला असतात आणि त्यांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अजून तोंडपाठ आहेत. व्हिडिओवर नातीशी बोलताना मध्येच विचारतात, "साडेतीन साते किती गं?" ती फोनकडे हात नेते आणि आजोबा "साडेचोवीस!" म्हणून हसतात. या पक्षाचे म्हणणे असे की पाया कच्चा म्हणून इमारत डुगडुगते, तेव्हा पाढे घोका, हजार गणिते सोडवा. दुसरा पक्ष आमच्या ऑफिसातल्या तरुणांचा. त्यांच्या मते आकडेमोड हे यंत्राचे काम आहे, मुलांनी फक्त 'संकल्पना' शिकाव्यात.

मुलीच्या वह्या वाचल्यावर मला दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर वाटले.

तिच्या निम्म्याहून अधिक चुका संकल्पनेच्या नव्हत्या. वर्गसमीकरण म्हणजे काय, रेषेचा चढ म्हणजे काय, हे तिला नीट समजले होते. पण त्या चुका गुणाकार न येण्याच्याही नव्हत्या, कारण गुणाकार यंत्र करत होते. त्या मधल्याच जागेतल्या होत्या. एक उदाहरण देतो. x चा वर्ग वजा ५x, आणि x ची किंमत वजा ३. तिने यंत्रात कंस न देता 'वजा तीनचा वर्ग' असे भरले. यंत्राने आधी तीनचा वर्ग केला, मग त्याला वजा चिन्ह लावले आणि उत्तर दिले ६. खरे उत्तर २४. यंत्र चुकले नव्हते. त्याला जे विचारले, त्याचेच उत्तर त्याने दिले होते. दुसरे उदाहरण, ६४० चे १७ टक्के. दशांशचिन्ह एक घर सरकले आणि उत्तर आले १०८८. एखाद्या संख्येचे १७ टक्के त्या संख्येपेक्षा मोठे कसे असतील, हा प्रश्न तिला पडलाच नाही. दहा टक्के ६४, वीस टक्के १२८, म्हणजे उत्तर १२८ च्या थोडे खाली हवे, एवढे मनात आले असते तर चूक तिथेच सापडली असती.

आजोबांच्या पाढ्यांचे खरे मोल मला इथे उमगले. साडेतीन साते साडेचोवीस हे उत्तर पाठ असण्याला आज फारशी किंमत नाही. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांच्याशी रोजची उठबस असलेल्या माणसाला उत्तर साधारण कुठे पडणार हे आधीच कळते. दोन-तृतीयांशाचे तीन-चतुर्थांश म्हणजे निम्मे, हे ज्याला दिसते त्याला यंत्र उघडावेच लागत नाही. ज्याला दिसत नाही, तो यंत्र उघडतो आणि जे येईल ते निमूटपणे उतरवून घेतो. अंकगणिताचा सराव हवा तो या पारखीसाठी. त्यात वेगाचे महत्त्व कमी आहे.

आता टीकेचा मुद्दा. बाजारातली सराव पुस्तके, शिकवण्या आणि माझ्यासारखे बाप, सगळेच मोजतात ती संख्या: किती प्रश्न सोडवले, किती मिनिटांत, किती गुण आले. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या सराव परीक्षा फुकट मिळतात आणि त्या चांगल्या आहेत. उत्तरांचे स्पष्टीकरणही मिळते. पण प्रश्न बरोबर कसा सुटतो हे कळले, तरी आपल्या मुलीने तो का चुकवला, हे त्यात असणार नाही. ते तिच्या कच्च्या कागदावर असते. आणि तोच कागद आपण परीक्षा संपताच केराच्या टोपलीत टाकतो.

पर्यायांतून उत्तर निवडण्याचा रट्टा माणसाला कुठे नेतो, याचा एक इतिहास या परीक्षेच्याच पोटात आहे. मे १९८२ च्या एस.ए.टी.त एक प्रश्न होता: लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक-तृतीयांश आहे. ते मोठ्या वर्तुळाभोवती घरंगळत एक फेरी पुरी करते, तर स्वतःभोवती किती वेळा फिरते? प्रश्न काढणाऱ्यांनी परिघाला परीघाने भागले आणि उत्तर धरले ३. खरे उत्तर ४. लहान वर्तुळाची त्रिज्या १ आणि मोठ्याची ३ धरली, तर लहानाचे केंद्र ४ त्रिज्येच्या मार्गावरून जाते, म्हणून ४ वळसे. छापलेल्या पर्यायांत ४ नव्हतेच! सुमारे तीन लाख मुलांनी तो पेपर दिला होता. चूक लेखी कळवली ती तिघांनी. शेवटी तो प्रश्न बाद करून गुण पुन्हा काढावे लागले. विश्वास बसत नसेल तर दोन सारखी नाणी घ्या आणि एक दुसऱ्याभोवती फिरवून बघा. फिरणारे नाणे दोन वळसे घेते, एक नव्हे.

आपले मूल त्या तिघांत असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. शनिवारच्या घड्याळापुढे बसवलेले माझे मूल नक्कीच नसते. त्याने ३ वर खूण केली असती आणि पुढच्या प्रश्नाकडे धावले असते.

यावर कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला, परीक्षाच जाणार आहे. तसे दिसत नाही. २०२० च्या साथीत बऱ्याच विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी तिचे गुण पाहणेच बंद केले, हे खरे. पण एम.आय.टी.ने २०२२ मध्ये आणि डार्टमथने २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा तयारी करणे भाग आहे. ती कशी करायची, एवढेच आपल्या हातात आहे.

आमच्या घरी आता पुढीलप्रमाणे चालते. दर शनिवारऐवजी महिन्यातून एकच पूर्ण परीक्षा. तिच्यानंतरचा आठवडा फक्त चुकांचा. प्रत्येक चुकीपुढे मुलगी स्वतः एक ओळ लिहिते: प्रश्न चुकीचा वाचला, चिन्ह घसरले, अपूर्णांक उलटा झाला, की मुळात कळलेच नव्हते. रोज पंधरा मिनिटे यंत्राविना अपूर्णांक, टक्केवारी आणि गुणोत्तरे. आणि यंत्राला हात लावण्याआधी उत्तराचा अंदाज तोंडाने सांगायचा. हा नियम मलाही लागू आहे, आणि मी जितक्या वेळा चुकतो तितकी ती खूश होते.

गुण थोडे वाढले आहेत, फार नाही. किती ते इथे लिहीत नाही, कारण मग आपण सगळे पुन्हा तेच मोजू लागू. पण परवा रविवारी आजोबांनी विचारले, "अडीच अठ्ठे किती?" ती फोनकडे न वळता म्हणाली, "आजोबा, दोन अठ्ठे सोळा आणि आठाचे निम्मे चार. वीस." आजोबांना हे 'पाठ' नसल्याचे थोडे वाईट वाटले असावे. मला मात्र बरे वाटले. वाचकहो, या शनिवारी आपल्या मुलांचा कच्चा कागद एकदा मागून घ्या. आणि तो वाचताना रागावू नका, एवढीच विनंती.