लेखणी कोणाच्या हातात? शाहीर, रॅपर आणि रुपेरी पडदा

दादर स्टेशनच्या पूर्वेला, भोईवाड्याच्या अलीकडे नायगाव आहे. लोकशाहीर विठ्ठल उमप 1931 साली इथे जन्मले. त्यानंतर वर्षभराने, 1932 च्या ऑगस्टमध्ये, याच परिसरातल्या गिरणी कामगारांच्या वस्तीत कृष्णा कोंडके जन्मला आणि पुढे महाराष्ट्राचा दादा झाला. नव्वद एक वर्षांनी याच दादर-नायगावच्या वस्तीतला धर्मेश परमार हा गुजराती पोरगा ‘एमसी तोडफोड’ या नावाने रॅप करत होता. मार्च 2022 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. तिघांची भाषा, काळ आणि पोशाख सारखे नाहीत, पण काम एकच. माइकसमोर उभे राहायचे, ठेका धरायचा आणि समोरच्या गर्दीशी आपल्या शब्दांत, तोंडावर बोलायचे.

रॅप ही परदेशातून आलेली गोष्ट आहे हे खरे. पण गिरणगावाला ती कळायला वेळ लागला नाही, कारण इथल्या कानांना तिची सवय होती. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणी चाकरमान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शक्ती-तुऱ्याचे सामने आणि भजनांच्या डबलबाऱ्या ऐकल्या. डबलबारी ज्याने पाहिली नाही त्याने एकदा तरी पाहावी. दोन बुवा समोरासमोर बसतात, प्रत्येकाची पेटी, पखवाज आणि झांजवाले वेगळे. पहिला बुवा आपली बारी गातो आणि जाता जाता गजरातून समोरच्याला चिमटा काढतो. दुसऱ्याची बारी येईपर्यंत उत्तर तयार हवे. तेही त्याच चालीत, मात्रा न सोडता, आणि शक्यतो समोरच्याचाच शब्द उलटवून. एखादा बुवा अडखळला तर मागच्या रांगेतून आवाज येतो. रात्र चढते तशी धार चढते. रॅपवाले ज्याला ‘बॅटल’ म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. म्हणून मी या लेखात शाहीर, सोंगाड्या आणि रॅपर यांना एकाच रांगेत बसवतो आहे. तिघांनाही सिनेमाने बोलावले. बोलावल्यावर त्यांचे काय केले, हा माझा प्रश्न आहे.

सुरुवात अमर शेखांपासून करू. बार्शीचा मेहबूब पटेल, गिरणीत काम केलेला, युनियनमध्ये तयार झालेला, तुरुंग पाहिलेला. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरली. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. 1961 साली ‘प्रपंच’ आला. कुंभाराच्या घरातल्या दैन्याची आणि वाढत्या कुटुंबाची ती कथा, आणि त्यात अमर शेख नट म्हणून आहेत. चित्रपट चांगलाच आहे. सुलोचनाबाई त्यात आहेत, गाणी गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचे. पण पाहताना एक गोष्ट राहून राहून टोचते. ज्याच्या तोंडून निघालेला शब्द हजारोंना उठवत असे, त्या माणसाच्या तोंडी इथे एकही स्वतःचा शब्द नाही. सिनेमाने त्यांचा राकट चेहरा घेतला, मातीत राबणाऱ्या माणसाची अंगलट घेतली आणि कवीला फाटकाबाहेर ठेवले. तेव्हा ‘कलश’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध होऊन तीन वर्षे झाली होती.

पुढे हीच रीत पडली. अपवाद एकच, आणि तो इतका मोठा की त्यावर थोडे थांबायला हवे.

दादा कोंडके ‘अपना बाजार’मध्ये नोकरी करत, बँडमध्ये वाजवत, सेवा दलाच्या कलापथकात काम करत तयार झाले. 1965 साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आले आणि दादांना आपला सूर सापडला. संहिता सबनिसांची होती, पण वगनाट्याला संहिता हा फक्त सांगाडा असतो. सकाळी वर्तमानपत्रात आलेली बातमी रात्रीच्या प्रयोगात हवालदाराच्या तोंडी यायची. म्हणूनच लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला जात. आशा भोसले यांनी हे नाटक पाहिले आणि भालजी पेंढारकरांना दादांचे नाव सुचवले. त्यातून 1969 चा ‘तांबडी माती’ झाला. इथपर्यंतची वाट अमर शेखांसारखीच होती: दुसऱ्याचा सिनेमा, दुसऱ्याचे शब्द.

वेगळे घडले ते 1971 साली. दादांनी ‘सोंगाड्या’ स्वतः काढला. गोष्ट सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे, पण पैसा दादांचा आणि म्हणून शेवटचा शब्दही दादांचा. दादरच्या कोहिनूरमध्ये ठरलेला हा चित्रपट देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी मागे सारला जाऊ लागला तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याची राजकीय बाजू अनेकांनी लिहिली. मला त्यातली कलेची बाजू महत्त्वाची वाटते. निर्मिती हातात आल्यामुळे दादांनी वगातली बोलण्याची पद्धत जशीच्या तशी पडद्यावर नेली.

ती पद्धत जवळून पाहा. ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर बावळट निरागसपणा. दादा एक वाक्य सुरू करतात आणि शेवटच्या शब्दाआधी थबकतात. त्या थबकण्यात थिएटर वाक्य पूर्ण करते, अर्थातच नको त्या शब्दाने. मग दादा अगदी साळसूदपणे वेगळाच शब्द उच्चारतात. चावटपणा प्रेक्षकाच्या माथी आणि दादा नामानिराळे. हे काम विनोदी नटापेक्षा ठेक्याच्या माणसाचे अधिक आहे. मात्रा कुठे सोडायची, टाळी कुठे पडणार, यमक कधी येणार असे वाटू द्यायचे आणि कधी हुलकावणी द्यायची, हे सगळे गणित वगातून आलेले. राम-लक्ष्मणच्या संगीतावर उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांनी गायलेल्या त्यांच्या गाण्यांतही तोच हिशोब दिसतो. दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

दादांचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. त्यांच्या सिनेमातली बाई बहुतेक वेळा चेष्टेचे साधन राहिली. द्वयर्थ जसजसा धंद्याचा भाग बनला तसतसा ‘विच्छा’मधला राजकीय डंख बोथट होत गेला. ‘पांडू हवालदार’मध्ये तो अजून जिवंत आहे. ऐंशीच्या दशकात ते हिंदीत गेले तेव्हा मात्र भाषेच्या खाचाखोचा गळून पडल्या आणि उरला तो नुसता चावटपणा. तरीही माझे मत असे की मराठी बोलक्या कलावंताचा आवाज पडद्यावर अख्खाच्या अख्खा उतरला तो फक्त त्यांच्यातच. आणि तो उतरला कारण लेखणी आणि थैली दोन्ही त्यांच्या हातात होती.

विठ्ठल उमपांच्या हातात थैली नव्हती. आंबेडकरी जलसे, कव्वाली, भारूड, लोकगीत असा सगळा पसारा त्यांनी पेलला. त्यांचे ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी पाहिले त्यांना अभिनय म्हणजे काय हे वेगळे शिकावे लागले नाही. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात सहाव्याची इच्छा जागते, कृष्ण ती ओळखतो आणि गळून पडलेल्या जांभळाच्या निमित्ताने तिच्याकडून ती वदवून घेतो. एकटा म्हातारा माणूस शेल्याचा पदर करतो, मान किंचित कलते आणि पुढच्या क्षणी समोर लाजरी, घाबरलेली, आतून पेटलेली बाई उभी राहते. दोन ओळींनी तोच माणूस पुन्हा कथेकरी होतो आणि प्रेक्षकाला प्रश्न विचारतो. पात्रात शिरणे आणि पात्राबाहेर येऊन बोलणे हे दोन्ही एकाच श्वासात.

असा नट मराठी सिनेमाला आयुष्याच्या शेवटी आठवला. ‘टिंग्या’ 2008 चा, ‘सुंबरान’ 2009 चा. तोवर उमप पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. ‘टिंग्या’त ते सुंदर काम करतात, त्यांच्या डोळ्यांतली ओल विसरता येत नाही. पण त्यांच्याकडून सिनेमाला हवे होते ते सुरकुतलेले, शहाणे म्हातारपण. एका माणसात दहा माणसे उभी करण्याची जी विद्या त्यांच्याजवळ होती, तिच्यासाठी एकही पटकथा कोणी लिहिली नाही. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच, मंचावर त्यांनी प्राण सोडला. तीन-चार दशके आधी कोणी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले असते तर मराठी अभिनयाचा इतिहास निराळा झाला असता, असे मला मनापासून वाटते.

शाहिराला पडद्यावर नीट कसे पाहावे हे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने 2014 साली दाखवले. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर मुलांची शिकवणी संपवतो, बस पकडतो, वस्तीतल्या छोट्या मंचावर पोचतो आणि गातो. गाणे चालू असतानाच पोलीस मंचावर चढतात. कॅमेरा लांब, स्थिर उभा. चेहऱ्यावर धावून जाण्याची घाई नाही. त्यामुळे शाहिराबरोबर त्याचा मंच, साथीदार, समोरची माणसे, कडेने येणारी खाकी वर्दी, सगळे एका चौकटीत राहते. शाहिरी म्हणजे एकट्याचा चेहरा नव्हे, ती जागा आणि जमाव यांच्यासह असते, हे ताम्हाणेंनी ओळखले. भूमिका केली नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते पेशाने नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते आणि संपादक होते. गाण्यांमागे संभाजी भगत होते. एप्रिल 2021 मध्ये कोविडने साथीदारांना नेले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटानंतरही मराठीत शाहिराला मध्यभागी ठेवणारे चित्रपट रांगेने आले नाहीत. रंगभूमी याबाबतीत पुढे राहिली. ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ या 2012 च्या नाटकात संभाजी भगतांची कल्पना, गीते आणि संगीत हाच कणा होता.

आता रॅप. झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ फेब्रुवारी 2019 मध्ये आला. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपरांच्या आयुष्यातून त्याची प्रेरणा घेतलेली. या चित्रपटाने रॅपरांना गीतकार म्हणून श्रेय दिले, त्यांची भाषा कापली नाही, आणि डिव्हाइनला अंकुर तिवारींबरोबर फिल्मफेअरही मिळाले. ‘प्रपंच’च्या काळाशी तुलना केली तर ही मोठीच मजल. पण फासा उलटा पडला. अमर शेखांचा चेहरा घेतला आणि शब्द सोडले; इथे शब्द घेतले आणि चेहरा रणवीर सिंगचा लावला. खरे रॅपर दोन-चार क्षण झळकून गेले. ‘गली बॉय’च्या आदल्या वर्षी ‘काला’मध्ये धारावीचे डोपअ‍ॅडेलिक्झ हे रॅपर निदान दिसलेही आणि ऐकूही आले.

‘गली बॉय’मधला ‘इंडिया 91’ हा तुकडा माझ्या दृष्टीने सगळ्या चित्रपटात मोलाचा. विवेक राजगोपालन यांची लयकारी, आणि तिच्यावर वेगवेगळ्या भाषांतले रॅपर. नायगावचा तोडफोड त्यात गुजराती घेऊन आहे आणि अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘हंड्रेड आरबीएच’, मराठी घेऊन. तोडफोडच्या ‘स्वदेसी’ या गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांच्यासह त्यांनी 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केले. शाहिरी आज कुठे राहते, असे कोणी विचारले तर मी आधी हे गाणे ऐकवीन.

मराठी सिनेमाने मात्र रॅपला अजून पाहुण्यासारखे वागवले आहे. जाहिरातीच्या गाण्यात चार ओळी, नायकाच्या एंट्रीला थोडा ठेका, एवढेच. श्रेयश जाधव रॅपकडून निर्मितीकडे आणि दिग्दर्शनाकडे गेला. दादा कोंडक्यांची वाट त्याला मोकळी होती. पण ‘मी पण सचिन’सारख्या त्याच्या चित्रपटात रॅपरची बोली पटकथेच्या आत शिरली नाही, चित्रपट नेहमीच्याच मापाने बेतला गेला. सृष्टी तावडेसारखी तेज मुलगी टीव्हीवरच्या स्पर्धेतून पुढे आली ती हिंदीत. पुण्याचा एमसी स्टॅन देशभर पोचला तो ‘बिग बॉस’ जिंकून, आणि तिथे पाहिले जाते ते रॅपरचे भांडण. 2024 मध्ये ‘तांबडी चामडी’ने जगभर पाय थिरकवले. भाषेबद्दलची लाज गेली हा त्याचा खरा फायदा, पण ते नाचाचे गाणे आहे, त्याच्याकडून शाहिरीची अपेक्षा करू नये.

रॅपरने नट व्हावे की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’तून भरत जाधव आणि अंकुश चौधरी आले. गाण्याच्या पथकात घोटलेली लय भरतच्या विनोदाला किती उपयोगी पडली हे ‘सही रे सही’ पाहणाऱ्याला सांगायला नको. 2023 मध्ये केदार शिंदे यांनी ‘महाराष्ट्र शाहीर’ केला तेव्हा साबळ्यांची भूमिका अंकुशनेच केली. पथक हीच ती शाळा. आजच्या रॅपरला अशी शाळा नाही. तो एकटा खोलीत, कानाला हेडफोन लावून घडतो. त्याचा श्वास पक्का असतो, पण समोरच्या माणसाची नजर झेलण्याची त्याला सवय नसते. कॅमेऱ्यासमोर तो ताठ होतो त्याचे कारण हे. आणि गिरणगावात ही सवय देणाऱ्या जागा कमी होत चालल्या. लालबागचे हनुमान थिएटर गेले. दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडून 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले.

म्हणून मराठी निर्माते-दिग्दर्शकांना एक विनंती. पुढच्या वेळी एखादा रॅपर आवडला तर त्याला गाण्यापुरता बोलावू नका आणि त्याचा चेहरा उचलून दुसऱ्याचे संवाद त्याच्या तोंडी घालू नका. पटकथेच्या पहिल्या बैठकीला त्याला बसवा, संवादलेखनाच्या श्रेयात त्याचे नाव घाला आणि करार त्याच्याशी तसाच करा.