नसलेल्या विमानाची प्रतिकृति

आमचा एक जुना विद्यार्थी परवां डोंबिवलीच्या आमच्या बिऱ्हाडीं एक लहानसें काळें लढाऊ विमान घेऊन आला आणि म्हणाला, "सर, कवितेवर करतां तशी यावर टीका करा." जुन्या बाजारांतून मिळविलेले सुटे भाग जोडून त्यानें तें केलें होतें. नांव 'एफ-१९', प्रमाण १:४८. अमेरिकेंतील टेस्टर्स कंपनीनें हा संच १९८६ सालीं काढला. मौज अशी कीं, या नांवाचें विमान अमेरिकन वायुदलांत कधींच नव्हतें. मग हा अठ्ठेचाळिसावा भाग कशाचा?

प्रश्न पोरकट वाटेल. पण वाङ्मयाची चर्चा करणाऱ्यास तो टाळतां येत नाहीं. दिवाळींतला मातीचा रायगड पाहून आपण बालेकिल्ला चुकला म्हणतों, तें रायगड आहे म्हणून. एफ-१९ ला ही कसोटी लागत नाहीं. विमान उलटसुलट करून पाहतांना उत्तर सांपडलें तें वैमानिकाच्या बैठकींत. तेथें माणूस बसावयाचा, आणि माणसाची उंची कोणाच्या कल्पनेनें बदलत नाहीं. बैठकीवरून नाक ठरलें, नाकावरून धड; साऱ्या कल्पित विमानाचें माप एका खऱ्या देहानें घेतलें आहे. दुसरें बंधन रडारचें. त्याच्या लाटा मागें परतूं नयेत म्हणून अंग गोलावलेलें, शेपटीचे पंख आंत कललेले. नोव्हेंबर १९८८ मध्यें खरें गुप्त विमान, एफ-११७, जाहीर झालें तेव्हां तें सपाट पैलूंचें निघालें. कर्त्याचा तर्क फसला. परंतु बंधनें पाळून फसला, म्हणून कृति फसली असें आम्ही म्हणणार नाहीं.

आतां आपल्याकडचें पाहूं. 'वैमानिक शास्त्र' भरद्वाज मुनींचें म्हणून सांगितलें जातें. शत्रूचीं विमानें नष्ट करण्याच्या युक्तिही त्यांत आहेत. पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं तें १९१८ ते १९२३ या काळांत तोंडीं सांगितलें, आणि १९२३ मध्यें बंगळूरच्या एल्लप्पा नांवाच्या नकाशेकारानें चित्रें काढलीं. १९७४ सालीं भारतीय विज्ञान संस्थेच्या पांच संशोधकांनीं निर्णय दिला कीं, ग्रंथ १९०४ च्या आधींचा नाहीं व चित्रांतलें एकही विमान उडण्याजोगें नाहीं. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनीं शास्त्र्यांच्या सांगण्यावरून प्रतिकृति केल्या, पण एकही उडाली नाहीं, ही नोंदही त्याच अभ्यासांत आहे. तरी १८९५ सालीं त्यांचें विमान चौपाटीवर उडालें ही कथा आपण अभिमानानें सांगतों. आणि जानेवारी २०१५ मध्यें मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्यें या ग्रंथाच्या आधारें निबंधही वाचला गेला!

कल्पिताला आमची हरकत नाहीं. पुष्पकाशिवाय रामायण कोणाला हवें आहे? हरकत आहे ती कल्पिताला इतिहासाची सनद देण्याला. त्यानें इतिहास बिघडतोच, पण कल्पना आळशी होते याचें आम्हांस अधिक दुःख आहे. तळपद्यांविषयीं आमचा आदर त्या न उडालेल्या प्रतिकृतींकरितां आहे. त्यांनीं चित्र वाऱ्यावर ठेवून पाहिलें.

त्यांतल्या 'शकुन' विमानाचें चित्र आम्हीं विद्यार्थ्यापुढें ठेवलें. पक्ष्यासारखे पंख, शेपूट, मोठें देखणें. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "सर, हे पंख हालवावयास लागणारें यंत्र घातलें, तर त्या यंत्राचें ओझें हे पंख उचलतील का?" सध्यां तो त्याचीच प्रतिकृति करीत आहे. प्रमाण अजून ठरलेलें नाहीं. वैमानिकाला बसवावयाचा कोठें, यावर काम अडलें आहे.