‘जामीन’ शब्दाची झडती

एखाद्या शब्दाचा अर्थ पालटला म्हणजे भाषा बाटली, असे मानावयाचे कारण नाही. परंतु त्या पालटामुळे बोलणाऱ्याचा अभिप्राय एक आणि ऐकणाऱ्याची समजूत दुसरी होऊ लागली, तर त्या शब्दाची झडती घेणे अगत्याचे होते. ‘जामीन’ हा शब्द आज या कोटीत येऊन बसला आहे.

हा शब्द मूळचा अरबी. फारशीच्या वाटेने तो मराठीत आला तो माणूस म्हणूनच आला. दुसऱ्याबद्दल हमी घेणारा तो जामीन, त्याचे कृत्य ती जामीनकी, आणि त्याने लिहून दिलेला कागद तो जामीनकतबा. ‘मी त्याला जामीन राहतो’ या वाक्यातील क्रियापद मोठे बोलके आहे. येथे मनुष्य स्वतः उभा राहतो. आज आपण ‘जामीन मिळाला’, ‘जामीन फेटाळला’ असे वाचतो. मनुष्य गेला, न्यायालयाने द्यावयाची सवलत तेवढी उरली; आणि गेलेल्या मनुष्यास परत बोलाविण्यासाठी ‘दार’ जोडून ‘जामीनदार’ करावा लागला. व्युत्पत्तीच्या पंडितास ही पुनरुक्ती खटकेल. पण रूढीपुढे व्युत्पत्तीचे चालत नाही, व एवढ्यासाठी लेखणी उचलण्याचे प्रयोजनही नव्हते.

खरी हानी निराळी आहे. जुन्या व्यवहारात नुसता ‘जामीन’ म्हणून भागत नसे. माणसाला वेळेवर हजर करीन म्हणणारा हाजीरजामीन, पैसा न फिटल्यास मी भरीन म्हणणारा मालजामीन, वर्तणुकीची हमी घेणारा फैलजामीन, असे भेद शब्दातच दिसत. याज्ञवल्क्यस्मृतीतही दर्शन, प्रत्यय व दान असे प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकी पहिल्या दोघांच्या मागे त्यांच्या मुलांवर बोजा येत नाही. तिसऱ्याच्या मुलांना मात्र देणे फेडावे लागते. ‘हा मनुष्य भला आहे’ असे सांगणे वेगळे आणि ‘याचे कर्ज मी फेडीन’ असे लिहून देणे वेगळे, हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते. आजच्या ‘जामीनदार’ शब्दाने हे दोन्ही अर्थ एकाच पोत्यात भरले आहेत.

शिरूर आणि दौंड या भागाला कागदाचे सामर्थ्य कोणी शिकवावयास नको. 1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. दौंडही त्या वेळी भीमथडीतच मोडत असे. लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तो खतांवर होता. हाती आलेली खते त्यांनी जाळली. पुढे 1904 च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघाल्या. त्यांतील ग्रामीण संस्थांची जबाबदारी सामान्यतः अमर्यादित असे. म्हणजे प्रत्येक सभासद एका अर्थी सर्वांचा मालजामीनच होता.

सावकाराच्या जागी संस्था आली, तरी सहीची गरज संपली नाही. ‘दादा, एक सही हवी, नुसती नावाला,’ असे शेजारी म्हणतो, आणि सही करणारा मनात प्रत्ययाचा प्रतिभू होतो: शेजाऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, एवढीच त्याची समजूत. कागद मात्र त्याला दानाचा प्रतिभू करतो. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे, करारात अन्यथा ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोचेच दार ठोठावले पाहिजे, असेही बंधन सामान्यतः नाही. मग नोटीस येते, आणि वर्षानुवर्षांचा शेजार एका दिवसात तुटतो. अशा वेळी आपण ऋणकोस लबाड म्हणतो व सही करणाऱ्यास भोळा. शब्दाचा अपराध कोणी पाहत नाही.

वृत्तपत्रांनी ‘जामीन मिळाला’ असे खुशाल लिहावे. ती रूढी आता मोडणार नाही. पण कर्जाच्या छापील अर्जावर ‘जामीनदार’ या शब्दाच्या जागी ‘मालजामीन’ हा जुना शब्द यावा, आणि तो अपरिचित वाटल्यास ‘कर्ज फेडण्यास बांधलेला’ असे सरळ मराठीत छापावे. एवढे वाचूनही जो सही करील, त्याचा शेजारधर्म खरा. आणि जो हात आखडता घेईल, त्याला कोणी कठोर म्हणू नये.